आधी कागद, मग कॉम्प्युटर

आमची नात बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. पतसंस्थेच्या सभासदांसाठी मोबाईल अ‍ॅपचा नमुना करायचा, हा तिचा प्रोजेक्ट. बटण दाबलं की पुढचं पान उघडतं, आत खरा व्यवहार काही नाही. "आजोबा, फिग्मा घेऊ की पेनपॉट?" नावं मला नवी, प्रश्न जुनाच.

बँकेत नवं व्हाउचर छापायचं तर प्रेसवाला आधी प्रूफ आणायचा. कॅशियर ते भरून बघायचा, रकमेचा रकाना पुरतो का पाहायचा. चूक प्रुफात निघाली तर पेन्सिलीचं काम. छापल्यावर निघाली तर सगळी रद्दी.

फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, चार जण एकाच पानावर काम करू शकतात. अ‍ॅडोबी ही कंपनी २० अब्ज डॉलरना घेणार होती. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांची हरकत आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला. इनव्हिजन तर एकेकाळी याच कामात मोठं नाव; २०२४ अखेर ती सेवाच बंद झाली. पेनपॉट मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही ठेवता येतं. मी म्हटलं, कर्ज देताना आम्ही वसुली कुठून होणार ते आधी बघायचो. तसं टूल घेताना आपलं काम उद्या बाहेर कसं काढायचं ते बघ. तिनं पेनपॉट घेतलं.

पण त्याआधी कागदावर आठ पानं काढायला लावली. आपल्या भागात एकाच बटणावर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. मराठीची मात्रा वर जाते, कन्नडचं जोडाक्षर खाली उतरतं. बटणाची उंची बेताची ठेवली की दोन्हीकडं कापलं जातं. हे कागदावरच दिसलं.

मग ती पानं निपाणीच्या एका मावशींपुढं ठेवली. आयुष्यभर बिड्या वळून साठवलेले पैसे त्यांचे. 'बॅलन्स'पाशी अडल्या, 'शिल्लक' लगेच कळलं. पैसे पाठवायच्या पानावर मात्र रक्कम न बघताच 'पुढे' दाबून मोकळ्या! एक शून्य जास्त पडलं असतं तर?

चेकवरची आकडी आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर १८८१ च्या कायद्यानं अक्षरी धरतात. नातीनं आता शेवटच्या पानावर रक्कम अक्षरी, मोठ्या टाइपात घातलीय. मावशींनी ती मोठ्यानं वाचली, मगच बोट टेकवलं.

तुमच्या घरची मुलं असं काही करत असतील तर पहिला कागद घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्यायला सांगा. आणि आपण मधे बोलायचं नाही, नुसतं बघायचं.