तळ्याकाठची सामाईक वाट

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही कॅलिफोर्नियात धाकट्या भावाकडे गेलो होतो. सोबत अब्बा आणि आमचा चौदा वर्षांचा मुलगा. एका रविवारी भाऊ म्हणाला, "आज तळ्यावर जाऊ. आपण सायकली चालवू, अब्बा काठाने निवांत फिरतील."

हे तळे म्हणजे लेक शबो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, कॅस्ट्रो व्हॅलीजवळच्या डोंगरांत ते आहे. तळे म्हणायचे, पण पाणी धरणाचे. अँथनी शबो यांनी १८७४-७५ मध्ये हे मातीचे धरण उभारले. कामावर बरेचसे चिनी मजूर होते आणि भराव घट्ट बसावा म्हणून त्यावरून घोड्यांचे कळप फिरवले गेले. हे पाणी आजही अडचणीच्या वेळी पिण्यासाठी राखून ठेवलेले आहे. त्यामुळे होडी वल्हवता येते, गळ टाकता येतो, पण पोहायला मनाई आहे.

काठालगतची वाट डांबरी आहे. पुढे डोंगरात रुंद मातीचे रस्ते लागतात. वणवा लागला तर बंब आत जावा म्हणून ते राखलेले. एरवी त्यांवर पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले, तिघांचाही हक्क. अरुंद पायवाटांवर मात्र पाटी असल्याशिवाय सायकल नेता येत नाही. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. सायकलवाल्याने सर्वांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. भावाने हे सारे निघण्याआधी समजावले होते. मुलाने मान डोलावली, पण लक्ष सायकलच्या गिअरकडे.

चढ दम काढणारा होता. दोन्ही बाजूंना निलगिरीची उंच झाडे, हवेत त्यांचाच वास. माथ्यावर पाणी प्यायलो आणि उतार सुरू झाला. मुलगा भुर्रकन पुढे गेला. आम्ही ओरडलो, पण आवाज पोहोचला नसावा.

वळणापलीकडून घोड्याचे खिंकाळणे ऐकू आले. आमच्या काळजात धस्स झाले. धावत पोहोचलो तर सायकल आडवी पडलेली, मुलाचा गुडघा सोललेला, आणि एक वयस्कर बाई बिथरलेल्या घोड्याला थोपटत होत्या. घोडा आणखी एक पाऊल मागे सरकता, तर त्या दरीत गेल्या असत्या.

आम्ही पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्या मुलावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "घोड्याला सायकल म्हणजे काय ते कळत नाही. तू थांब, उतर आणि उताराच्या बाजूला उभा राहून काहीतरी बोल. माणसाचा आवाज ऐकला की तो शांत होतो."

मुलाला काय बोलावे सुचेना. थरथरत्या आवाजात तो म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." घोड्याने कान टवकारले. बाई हसल्या.

उरलेला उतार मुलाने सायकल हातात धरून उतरला. स्वाराने पायी जाणाऱ्याला आधी सलाम करावा, ही शिकवण आमच्या घरात लहानपणापासून दिली जाते. सलाम म्हणजे समोरच्याच्या सलामतीची दुआ. ती मागायची तर वेग आवरावा लागतो, हे आमच्याही ध्यानात त्या दिवशी आले.

खाली डांबरी वाटेवर अब्बा पाठमोरे चालताना दिसले. कानयंत्र ते घरीच विसरले होते. मागून कितीही घंटी वाजवली तरी ऐकू येणार नव्हते. आम्ही हाक मारणार, तोच मुलगा सायकल ढकलत अंतर ठेवून त्यांच्या पुढे गेला, वळून समोर उभा राहिला आणि हात उंचावून सलाम केला.

अब्बांनी सलामाचा जवाब दिला. मग त्याच्या गुडघ्याकडे पाहिले आणि काही न विचारता खिशातला रुमाल काढला.