काही मिनिटांत रोगजंतू, पण केव्हापासून मोजलेल्या?

अन्नातील रोगजंतू काही मिनिटांत ओळखणाऱ्या संवेदकांच्या बातम्या वाचताना भौतिकशास्त्राच्या सवयीने मी प्रथम एकच गोष्ट पाहतो: नमुन्यात जिवाणू मुळात होते किती?

भारतीय मानकांनुसार दुग्धजन्य पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला आढळता कामा नये. इतक्या अन्नातून एखादी पेशी थेट हुडकणे उत्तम उपकरणालाही दुष्कर. म्हणून आधी तिला पोषक द्रवात काही तास वाढू द्यावे लागते. पेट्रीथाळीची पारंपरिक पद्धत पुढेही वाढीवरच विसंबते आणि खात्रीच्या उत्तराला चार-पाच दिवस घेते. पीसीआर जिवाणूऐवजी त्याचा डीएनए दुप्पट करत जाते. ३० आवर्तनांत एका रेणूचे सुमारे १०० कोटी होतात. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते. मात्र मेलेल्या जिवाणूचा डीएनएही ती दाखवू शकते.

येथे जयपुरात श्रावणातील तीजेला खव्याचा घेवर ताजाच खातात. थाळीचा निकाल येईपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून संशयित माल पीसीआरने लगेच रोखावा आणि जिवंत जंतूची खात्री थाळीवर करून घ्यावी, हे मला योग्य वाटते.

विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या बातमीत ‘काही मिनिटे’ दिसली, तर वाढीचे तास त्यात धरले आहेत का, ते जरूर पाहा.