अध्यक्ष महाशय आणि आजोबांची केळी

मराठी माणसाला शाळेत आत्मवृत्त लिहायला शिकवतात. फक्त ते स्वतःचं नसतं. माझ्या शालेय कारकिर्दीत मी फाटक्या छत्रीचं मनोगत लिहिलं, पडक्या किल्ल्याची कैफियत मांडली, नदीची आत्मकथा सांगितली आणि एका सहामाहीत मोडक्या खुर्चीच्या वतीने इतका गहिवरलो की सरांनी दहापैकी आठ गुण दिले. छत्रीचं बालपण कसं गेलं, हे आजही मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. पण 'तुझं काय चाललंय रे?' असं कुणी विचारलं असतं, तर 'बरं चाललंय' यापलीकडे माझी मजल गेली नसती.

तोंडाने बोलायचा प्रसंग यायचा तो वक्तृत्व स्पर्धेत. भाषण लिहायचं घरातल्या मोठ्यांनी, पाठ करायचं आपण आणि विसरायचंही आपणच. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपर्यंत गाडी सुसाट जायची. मग एकदम सिग्नल लागायचा. १ ऑगस्टला तर वर्गातले निम्मे वक्ते टिळकांच्या शेंगांची टरफलंच सांगायचे. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नाहीत, हे आम्हाला तोंडपाठ. आमच्या घरी काय खाल्लं आणि काय नाही, हे मात्र कुणाला सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद!

आता काळ बदललाय. आमची कन्या सातवीत आहे. तिच्या मराठीच्या बाईंनी दर शनिवारी शेवटच्या तासाला एक उपक्रम सुरू केला. तीन मुलांनी उभं राहायचं आणि आपल्या घरात खरोखर घडलेली गोष्ट चार मिनिटांत वर्गाला सांगायची. हातात कागद नाही. 'अध्यक्ष महाशय' नाहीत. 'माझा आनंद गगनात मावेना' असं म्हणायला बंदी. आनंद झाला तेव्हा काय केलंस, ते सांग. शेवटी तात्पर्य नाही. ऐकणाऱ्यांनी मधे बोलायचं नाही, झाल्यावर प्रश्न मात्र विचारायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गोष्टीत घरातलं माणूस येणार असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यायची.

"हे काय नवीन खूळ?" असं आमच्या सौ. म्हणाल्या. वास्तविक खूळ नवीन नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यात दुसरं काय आहे? श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आपल्या घरची गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री! पुढे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या मंडळींनी गावोगाव कथाकथनं केली, तेव्हा माणसं तिकिटं काढून ऐकायला बसत.

शिवाय आमच्या बँकेत या, रोज फुकट ऐकायला मिळेल. २०२४ च्या करारानंतर आम्ही क्लार्क राहिलो नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो, खुर्ची तीच. 'सही जुळत नाही हो' एवढंच मी म्हणतो. समोरचे गृहस्थ मनगटाच्या फ्रॅक्चरपासून सुरुवात करतात आणि ज्या पुतण्याच्या लग्नात ते झालं, त्याच्या घटस्फोटापर्यंत येतात. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. दाखला दोन मिनिटांचा आणि गोष्ट पाऊण तासाची! माणूस जिवंत असल्याचा माझ्या मते तोच खरा पुरावा. पण बाईंनी मुलांना जे शिकवलंय, ते या मंडळींना कुणी शिकवलेलं नाही. सुरुवात कुठून करायची आणि गप्प कधी बसायचं!

असो. कन्येचा नंबर लागला आणि आमच्या घरात सेन्सॉर बोर्ड बसलं. मध्यमवर्गीय घराला काय हो, चार भिंती आणि एक नियम असतो. घरातलं बाहेर सांगायचं नाही. मी तर बँकेत गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून बसलेला माणूस. सौ.नी महाबळेश्वरची सहल सुचवली. कन्या म्हणाली, "तिथे काहीच झालं नव्हतं, आई. आपण फक्त फोटो काढले." मग तिने आजोबांनाच गाठलं.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात तेही. मी तेव्हा दीड वर्षाचा. त्या काळात वडील काय करत होते, असं कुणी विचारलं तर आई आजतागायत एकच उत्तर देत आलीय, "गावी होते, शेतीचं बघत होते." आम्हाला गावी शेती नाही, ही बाब अलाहिदा.

आजोबांनी नातीला सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. ते केळी विकत होते. आम्ही राहायचो करी रोडला, पण पाटी घेऊन ते जायचे थेट माटुंग्याला. का, तर ओळखीचं कुणी भेटू नये! पहिल्याच दिवशी पाटी उतरवली आणि बघतात तो शेजारी आमच्याच चाळीतले, भिंतीपलीकडच्या खोलीतले गृहस्थ लसूण घेऊन बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय, फिरायला?" आजोबांनी विचारलं.

"हो, फिरायला. तुम्ही?"

"मीही फिरायलाच."

संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी-शेजारी बसून फिरले. निघताना आजोबांनी त्यांना डझनभर केळी दिली, त्यांनी आजोबांना पाव किलो लसूण दिला. जमाखर्च चोख! चाळीत मात्र दोघांनीही कधी अवाक्षर काढलं नाही.

"हे सांगू मी वर्गात?" कन्येने विचारलं. आजोबा म्हणाले, "सांग की. चोरी थोडीच केली होती?" पण परवानगी दोघांची हवी होती. आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज वाढला. आमच्याकडे हा आवाज म्हणजे विरोधी मतदान. त्रेचाळीस वर्षं जपलेली शेती एका शनिवारात जाणार होती, आणि तिच्या मैत्रिणींच्या नातवंडांपैकी दोघं त्याच वर्गात!

कन्येने हट्ट केला नाही. ती गॅलरीत उभी राहून नुसती तालीम करत राहिली. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "...आणि त्यांनी आजोबांना पाव किलो लसूण दिला." इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अर्धा किलो होता. मी सोललाय तो!"

परवानगी मिळाली.

शनिवारी कन्येला विचारलं, "टाळ्या किती पडल्या?" ती म्हणाली, "टाळ्या नाही पडल्या. 'मीही फिरायलाच' म्हटल्यावर सगळे हसले, आणि नंतर एकदम गप्प झाले." मी हिरमुसलो, पण बाईंच्या मते ती गप्पच महत्त्वाची होती म्हणे. नंतर प्रश्न आले. एकाने विचारलं, "संप मिटल्यावर आजोबा परत गिरणीत गेले का?" तो संप रीतसर मिटलाच नाही, हे सांगताना कन्येची तारांबळ उडाली. मागच्या बाकावरचा, आजवर हजेरीपुरतंच तोंड उघडणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी मी बोलू? माझे बाबाही रोज फिरायलाच जातात." वर्गात कुणी हसलं नाही. बाईंनी वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

टिळकांच्या टरफलांवर आम्ही दहा वर्षं बोललो, पण त्यामुळे मागच्या बाकावरचं कुणी उठल्याचं मला आठवत नाही. छत्रीच्या मनोगतानंतर तर नाहीच. छत्रीला तोंड नसतं, म्हणून आपण तिच्या वतीने बोलायचो, ते ठीक. पण पोरांना तोंडं असून आपण ती 'अध्यक्ष महाशय' या बुचाने बंद करत होतो. स्वतःची चार मिनिटांची खरी गोष्ट चारचौघांत न लाजता सांगता आली आणि दुसऱ्याची न हसता ऐकता आली, की निम्मं शिक्षण झालं. उरलेलं निम्मं आमच्यासारखं बी.कॉम. करून होतं.

आणखी एक प्रश्न वर्गातून घरी आला होता, "उरलेली केळी काय केलीत?" आजोबा म्हणाले, "काय करणार? तुझ्या बापाला घातली. सकाळ, दुपार, संध्याकाळ." मला केळ्याचा वास का सोसत नाही, या कोड्याचा उलगडा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाला.

सध्या आमच्याकडे जेवणानंतर टीव्ही बंद असतो. आजोबांची रात्र अकरावी चालू आहे. आईही ऐकायला बसते. ऐकायला म्हणजे दुरुस्त्या सांगायला. गावची शेती मात्र आता कायमची निकालात निघाली.