फाल्कन फील्डचे तरुण गुरुजी

अमेरिकेस जाणारी आपली मंडळी ॲरिझोना संस्थानात गेली म्हणजे ग्रँड कॅनियनची विख्यात दरी पाहून परततात. फीनिक्स शहराच्या पूर्वेस मेसा नावाचे नगर आहे व त्याच्या उत्तर अंगास फाल्कन फील्ड नावाचा विमानतळ आहे, याची वार्ताही पुष्कळांस नसते. आम्हांस तेथे नेले ते नात्याने. त्याच देशात जन्मलेली आमची एक भाची तेथे नवशिक्यांस विमान चालविण्यास शिकविते.

या स्थळाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे आकाश ढगांनी आणि शत्रूच्या विमानांनी व्यापलेले होते. तेथे कोवळ्या तरुणांस शिकवावे तरी कसे? म्हणून १९४१ साली संत्र्यांच्या बागांलगत हे मैदान सिद्ध झाले आणि ब्रिटिश वायुसेनेचे छात्र समुद्र ओलांडून येथे शिकावयास आले. शिकत असतानाच अपघातात निवर्तलेले त्यांतील २३ जण मेसाच्या दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. निरभ्र आकाशाची ती मोहिनी अद्यापि ओसरलेली नाही. दोन समांतर धावपट्ट्यांवर उजाडल्यापासून लहान विमानांची ये-जा चालू असते.

येथील बहुतेक शिक्षक स्वतःच पंचविशीच्या आतबाहेरचे असतात, हे पाहून आम्हांस नवल वाटले. त्याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेत सुमारे २५० तास उड्डाण झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. परंतु प्रवासी कंपनीच्या विमानात बसावयाचे तर सामान्यतः १५०० तास भरावे लागतात. मधले साडेबाराशे तास आणावयाचे कोठून? स्वखर्चाने उडणे कुबेरासही परवडणार नाही. म्हणून हे तरुण शिक्षकाची परीक्षा देतात. शिष्याच्या शेजारी बसून जो तास जातो, तो शिष्याच्या वहीत लिहिला जातो तसाच गुरूच्याही वहीत लिहिला जातो, आणि वर वेतन मिळते.

हा नियम एका शोकांतिकेतून जन्मला. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे दगावली. वेग मंदावल्याचा इशारा होताच सुकाणू पुढे लोटावयाचे, ते कप्तानाने मागे ओढले होते. २०१० साली कायदा झाला व २०१३ पासून सहवैमानिकासही १५०० तासांची अट लागू झाली. तथापि त्या विमानातील दोघाही वैमानिकांचे तास त्याहून अधिक भरलेले होते! तेव्हा तास म्हणजेच शहाणपण काय, हा प्रश्न तेथे आजही वादाचा आहे.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर एखादा तास डोळ्यांनी पाहावा, म्हणून एके पहाटे आम्ही भाचीच्या चार आसनी सेस्ना विमानात मागे बसलो. पहाट अशासाठी की येथला उन्हाळा भयंकर. २०२३ साली फीनिक्स येथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर चढत होता. तापलेली हवा विरळ होते, पंखांस पुरेसा आधार देत नाही आणि यंत्राचेही बळ घटते. उत्तरेस सॉल्ट नदीची हिरवी रेघ आणि पूर्वेस सुपरस्टिशन पर्वताचे तांबूस कडे पाहत आम्ही परत वळलो. शिष्य विमान उतरवीत होता. भाचीचे दोन्ही हात मांडीवर स्थिर होते. चाके टेकली, विमान उसळले. तरी तिने क्षणभर वाट पाहिली. मग शांतपणे, "आता माझ्याकडे," असे म्हणाली. "तुमच्याकडे," असे तो म्हणाला, आणि तिने पुन्हा एकदा तेच उच्चारून विमान वर नेले. सुकाणू कोणाच्या हाती आहे याविषयी तिळमात्र संदेह राहू नये, म्हणून ही तिहेरी बोली.

खाली आल्यावर ती म्हणाली, "मामा, माझ्या वहीत मी उडविल्याचे तास थोडे आहेत, उडवू दिल्याचे फार."

तिचे १४६० तास झाले होते. प्रवासी कंपनीचे बोलावणेही आले होते. इकडे या शिष्याजवळचे पैसे संपत आले होते. ती गेली म्हणजे नवा शिक्षक काही पाठ पुन्हा घेणार, आणि प्रत्येक पाठास दाम मोजावे लागणार. त्याचा हा तिसरा शिक्षक असता. एकट्याने उडण्याची अनुज्ञा आपण जाण्यापूर्वी द्यावी, अशी त्याची विनवणी होती. ती अनुज्ञा शिक्षकाच्या सहीवाचून मिळत नाही.

"देऊन टाक की," आम्ही म्हणालो.

"सही माझी असेल मामा, पण जीव त्याचा आहे. आज तुम्ही पाहिलेत ना?"

तिने सही केली नाही. त्याचे गुणदोष तपशीलवार लिहून काढले, आणि पुढील शिक्षकाबरोबरच्या पहिल्या पाठास आपण मागे बसू असे वचन दिले. त्या उड्डाणाचा तास तिच्या वहीत धरला जाणार नव्हता.

आपल्या देशी २०० तासांचा परवाना आणि विशिष्ट विमानाचे शिक्षण घेऊन तरुण थेट सहवैमानिकाच्या आसनावर बसू शकतो. कोणती रीत श्रेष्ठ, याचा निवाडा जाणत्यांनी करावा. आम्ही एवढेच म्हणू की, जी मुले केवळ शिडी म्हणून गुरूचे आसन घेतात, त्यांतील काहींस ते आसनच घडविते. दुसऱ्याच्या हातून चूक होऊ देण्याचा धीर, आणि ती नेमकी कोठे थांबवावी याची जाण, या दोन गोष्टी एकट्याने उडून येत नाहीत. आमच्या घरोघरी लेकरांस वाढविणाऱ्या मातापित्यांस ही विद्या काही अगदीच परकी वाटू नये.