झेंडू

2014च्या दसऱ्याला गुलमंडीवरून फुलं घेऊन येताना लेकीनं हट्टानं एक गोल्डफिश घेतला, म्हणून त्याचं नाव झेंडू पडलं. तेव्हा तो बोटाच्या पेराएवढा होता आणि पाठ न घासलेल्या पितळेसारखी. हे कार्प कुळातले मासे लहानपणी मळकट हिरवट-तपकिरी असतात, काळेपणा मागाहून जातो. झेंडूचा दिवाळीनंतर गेला आणि आत असा केशरी रंग निघाला की येणारा-जाणारा टाकीपाशी थांबायचा.

औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरी टाकी जिन्याजवळ होती. तळाला काळे दगड, काचांवर शेवाळ. सासूबाईंच्या काठीचा आवाज झाला की झेंडू वर यायचा. या कुळातल्या माशांना हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान तिखट. सासूबाईंना हाडांशी काय करायचं होतं? त्या म्हणायच्या, "माझं लेकरू मला वळखतं."

2018मध्ये आम्ही सिडकोत राहायला आलो. झेंडूसाठी मोठी टाकी घेतली, पांढरी वाळू घातली, वर लख्ख एलईडी लावला. पिशवीतून सोडला आणि तासाभरात तो ताकात हळद कालवावी तसा फिका झाला. मासा घाबरला की कातडीतल्या रंगपेशींमधले कण मधोमध गोळा होतात आणि रंग उतरलेला दिसतो. भीती गेली की कण पुन्हा पसरतात. मी दोन दिवस वाट पाहिली. रंग आला नाही, उलट झेंडू पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला.

चूक माझी होती. जुन्या घरी नळ चार-पाच दिवसांनी यायचा. जायकवाडीचं ते पाणी पिंपात उघडं राहायचं, तेवढ्यात क्लोरीन उडून जायचं. पाणीटंचाईनं माझा मासा जपला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. नव्या घरी नळ आला तसा मी आनंदानं पाइप थेट टाकीत सोडला. त्याआधी फिल्टरचा कळकट स्पंजही नळाखाली खसाखसा धुतला होता. माशाच्या अंगातून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्याच कळकटपणात राहतात. माझ्या स्वच्छतेनं ते धुऊन गेले. माशांच्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, पाणी अजून बसलं नाही. रोज थोडं थोडं बदला, तेही साठवलेलं. आणि खायला कमी घाला."

महिन्याभरानं झेंडू पोहू-खाऊ लागला, पण रंग फिकाच. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "शेवाळ सगळं घासून काढलंस, आता रंग कुठून आणंल त्यो?" पुढे वाचलं तेव्हा मी थक्क झाले. केशरी रंगद्रव्य माशाला स्वतः तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच येतं, आणि शेवाळात ते असतं. जुन्या टाकीच्या काचा तो दिवसभर चाटत असायचा. त्यात पांढरी वाळू. खालचा तळ उजळ दिसला की मासा आपला रंग आखडून घेतो, आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर रंगपेशीच कमी होतात.

मी वाळू उपसली, जुन्या घराचे काळे दगड आणून घातले, दिवा दिवसातून सहा-सात तासच ठेवला. स्पिरुलिना असलेलं खाणं सुरू केलं, कधी उकडलेला मटार सोलून दिला. एका बाजूची काच शेवाळायला सोडून दिली. सासूबाईंनी तिला हात लावू दिला नाही. संक्रांतीच्या सुमारास पाठ पुन्हा केशरी झाली. शेपूट मात्र पांढरीच राहिली.

सासूबाई 2021मध्ये गेल्या. त्यानंतर कुणाची काठी वाजली नाही. म्हातारपणी झेंडू पोटाकडून पांढरा होत गेला. या वेळी पाणी, तळ, खाणं सगळं ठीक होतं, ते वयाचं होतं. पाहुणे विचारायचे, हा पांढरा मासा कधी आणला? लेक सांगायची, झेंडूच आहे तो. 2024च्या उन्हाळ्यात तो गेला तेव्हा डोळ्याच्या वर चण्याएवढा केशरी ठिपका उरला होता.