साखळीतील तुटका दुवा

जालन्याच्या मोंढ्यातील जुना मुनीम ताळा जुळवायला बसला की रोकड आणि खतावणी दोन्ही समोर घेई. एकीतील नोंद दुसरीत सापडली नाही, की तेथेच हात थांबे. चूक मात्र त्या पानावर क्वचितच असे. ती आठवड्यापूर्वीच्या एखाद्या घाईत दडलेली असे. आज पेढीचे हिशेब संगणकात गेले आहेत, आणि असंख्य सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात तिच्या गाभ्यातही, म्हणजे कर्नलमध्ये, असाच ताळा बिघडतो.

फायली सांभाळणारा कर्नलचा भाग आपल्या नोंदी साखळीत गुंफतो. प्रत्येक नोंदीजवळ दोन पत्ते असतात, एक पुढच्या नोंदीचा आणि एक मागच्या. पुढच्या नोंदीतील ‘मागचा’ पत्ता मूळ नोंदीकडेच परतला पाहिजे. एखादी नोंद काढताना ही साक्ष जुळली नाही, तर तपासणी चालू ठेवलेला कर्नल ‘लिस्ट डेल करप्शन’ असा संदेश देतो आणि कोणता पत्ता हवा होता व कोणता आढळला, हे दोन्ही आकडे लिहितो.

नवखा माणूस संदेश आला त्याच ओळीत दुरुस्ती शोधतो. तो श्रम बहुधा वाया जातो. ती ओळ चोर नव्हे, फिर्यादी आहे. अपराध आधीच घडलेला असतो. कधी दोन प्रोसेसरांनी कुलूप न लावता एकाच वेळी साखळीत हात घातलेला असतो, तर कधी साखळीत असलेल्या नोंदीचीच जागा मोकळी करून दुसऱ्याला दिलेली असते. म्हणून कर्नलकर्त्यांनी मोठी चतुर सोय केली आहे. काढलेल्या नोंदीच्या दोन्ही पत्त्यांत ते मुद्दाम ‘विषारी’ आकडे भरतात. मोकळी केलेली स्मृतीही, तशी तपासणी चालू असल्यास, ‘६बी’ या खुणेने भरली जाते. अहवालात ६बी६बी अशी रांग दिसली की जाणकार ओळखतो, कोणीतरी मृत खात्यावर व्यवहार केला आहे. २०१५ साली कर्नलमध्ये आलेले ‘केसॅन’ हे साधन तर जागा कोणी घेतली, कोणी सोडली आणि नंतर कोणी स्पर्श केला, हे तिन्ही सांगते. मुनिमाला असे साधन मिळाले असते तर!

एक्स्ट४ ही प्रचलित फाइल-व्यवस्था आपल्या नोंदींत विसंगती दिसल्यास, तशी आज्ञा दिलेली असेल तर, डिस्क केवळ वाचण्यापुरती खुली ठेवते, लिहिणे बंद. दिवाळीच्या तोंडावर बिले थांबली की व्यापारी संतापतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु चुकीच्या पत्त्यावर लिहिणे चालू राहिले, तर एका पक्षकाराची उधारी दुसऱ्याच्या फायलीवर उमटू शकते, आणि ते महिनाभर कोणाला कळतही नाही.

अशा वेळी यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी पडद्याचे छायाचित्र घ्यावे. एरवी ते दोन आकडे हातचे जाण्याचा संभव असतो. मग डिस्कची प्रत काढावी, आणि त्यानंतरच, डिस्क वापरात नसताना, ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा चालवावी.