पानिपतची माती

मराठी भाषेत काही गावांची नावे केवळ गावांची नावे राहिलेली नाहीत. पानिपत हे त्यांपैकी एक. कोणाचा दारुण पराभव झाला की 'त्याचे पानिपत झाले' असे आपण सहज म्हणतो. कोणावर भरवसा ठेवायला मन धजत नसेल, तर 'विश्वास गेला पानिपतात' असे म्हणून मोकळे होतो. 'भाऊगर्दी' या शब्दाचा संबंधही सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात त्या दिवशी उडालेल्या गोंधळाशी जोडला जातो. हे शब्द उच्चारताना दर वेळी इतिहास आठवतोच असे नाही; पण इतिहासाने सोडून दिलेल्या कितीतरी गोष्टी भाषा अशी जपून ठेवते. हे गाव आज हरयाणात आहे आणि महाराष्ट्रापासून दीड हजार किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. तरीही मराठी माणसाच्या बोलण्यात ते अडीच शतकांहून अधिक काळ मुक्कामाला आहे.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झाला आहे. त्याची मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत शिकत होता, त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेले होते. मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलत, घरात मराठी. 'पानिपत' हा शब्द दोघांनाही दोन ठिकाणी भेटला होता. इतिहासाच्या पुस्तकात तीन लढायांच्या सनावळीत आणि वडिलांच्या तोंडी, क्रिकेटचा सामना हरल्यावर! दिल्लीपासून ते गाव जेमतेम नव्वद किलोमीटरांवर आहे, हे कळल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, मग आपण ते बघायला जाऊ या ना!" वहिनीने डब्यात तिळाचे लाडू भरून घेतले आणि धुके थोडे निवळल्यावर आम्ही पाचही जण निघालो.

पानिपत शहर आज हातमागाच्या वस्त्रांसाठी, ब्लँकेटांसाठी आणि गालिच्यांसाठी ओळखले जाते. देशोदेशींचे जुने कपडे तेथे येतात आणि त्यांतील धागा वेगळा करून नवी ब्लँकेटे विणली जातात. शहरात शिरताच दिसतात त्या मालाने भरलेल्या हातगाड्या आणि ट्रक. रणभूमी म्हणून मुलांनी मनात जे चित्र रेखाटले होते, त्याचा येथे मागमूस नव्हता. आम्ही प्रथम इब्राहिम लोदीची कबर पाहिली. १५२६ साली बाबराविरुद्ध लढताना हा दिल्लीचा सुलतान येथेच पडला. १५५६ साली हेमू आणि अकबराचे सैन्य यांची गाठ पडली तीही याच परिसरात. आम्हांला जायचे होते ते तिसऱ्या लढाईच्या जागी, शहराबाहेर काही किलोमीटरांवर असलेल्या 'काला आंब' या ठिकाणी.

तेथे एक उद्यान आहे आणि त्यात लोखंडी कठड्याच्या आत विटांचा एक स्तंभ उभा आहे. पूर्वी या जागी आंब्याचे एक झाड होते. रक्ताने भिजलेल्या मातीमुळे ते काळे पडले, अशी लोककथा सांगतात. आता ते झाड नाही. नाव तेवढे उरले आहे. भोवताली जानेवारीतल्या गव्हाची कोवळी, हिरवीगार शेते पसरलेली होती. भाच्याने चौफेर नजर फिरवली आणि हिरमुसून विचारले, "आत्या, इथे बघायचे काय? किल्ला नाही, तोफ नाही, काहीच नाही!"

त्याचा प्रश्न योग्यच होता. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो. तो स्वतःच बोलतो. रणभूमी मात्र मुकी असते. दोन पिके निघाली की माती पुन्हा मातीसारखी होते. तेथे डोळ्यांनी पाहायचे थोडे आणि मनाने पाहायचे फार. मी त्याला म्हणाले, "तुझ्या खिशातले होकायंत्र काढ बरे. उत्तर कोठे, ते सांग."

त्याने होकायंत्र तळहातावर धरले आणि दिशा दाखवल्या. "आता सांग, पुणे कोणीकडे?" त्याने दक्षिणेकडे बोट केले. "आणि अब्दालीचे अफगाणिस्तान?" त्याने हात वायव्येकडे वळवला. "मग लढाईच्या दिवशी मराठ्यांचे तोंड कोणीकडे असेल?" तो चटकन म्हणाला, "अफगाणिस्तानकडे!" मी मान हलवली. मराठ्यांचे तोंड दक्षिणेकडे होते. परका आक्रमक दक्षिणेला उभा होता आणि दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला. दोघेही एकमेकांच्या घराच्या वाटेवर उभे होते.

हे कसे घडले, ते मुलांना जमिनीवर काडीने रेघा ओढून सांगितले. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ मराठवाड्यातील पटदूरहून निघाले. ऑगस्टमध्ये त्यांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरमध्ये आणखी उत्तरेला जाऊन कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकला. तेवढ्यात अहमदशहा अब्दालीने मागे बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध तो येऊन बसला. भाऊंनी पानिपतच्या आश्रयाने खंदक खणून छावणी केली. अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. अब्दालीला यमुनेपलीकडच्या रोहिल्यांच्या मुलखातून रसद मिळत राहिली. मराठ्यांची रसद मात्र हळूहळू आटली. धान्य पाठवण्याची धडपड करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी राहू लागली. शेवटी भुकेने मरण्यापेक्षा लढून मरावे, या निर्धाराने १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी सैन्य बाहेर पडले.

आतापर्यंत भाचा गव्हाच्या शेताकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे ते उपाशीपोटी लढले?" वहिनीच्या हातातील लाडवांच्या डब्याकडे त्याचे लक्ष गेले आणि त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मुलांना इतिहास समजतो तो बहुधा अशाच एखाद्या लहानशा जागी, सनावळीच्या बाहेर.

दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होत होती. इब्राहिमखान गारदी याच्या पलटणींनी रोहिल्यांची मोठी हानी केली. मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे आणली, आणि उपाशी सैन्याचा धीर सुटला. त्या दिवशी आणि नंतर किती माणसे गेली, याच्या आकड्यांवर इतिहासकारांचे एकमत नाही. सैन्याबरोबर तीर्थयात्रेच्या ओढीने आलेली माणसे होती, बायका-मुले होती, ही गोष्ट मात्र सर्वांनीच नोंदवली आहे.

"विश्वासराव किती वर्षांचे होते?" भाचीने विचारले. "अठरा," मी म्हणाले. "आणि त्याच छावणीत त्यांच्याच वयाचा दुसरा एक मुलगा होता. दोघेही १७४२ साली जन्मलेले. तो वाचला, पण त्याची आई त्या धुमाळीत कायमची हरवली. पुढे तो नाना फडणीस म्हणून प्रसिद्ध झाला." नववीतल्या मुलीला अठरा हे वय फार दूरचे वाटत नाही. ती बराच वेळ स्तंभाकडे पाहत उभी राहिली.

मग भाच्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाटच पाहत होते. "आपण हरलो, तर मग लोक इथे कशाला येतात?" मी काही बोलण्याआधीच त्याच्या ताईने त्याला अडवले. "आपण म्हणजे कोण? आपण तर दिल्लीत राहतो. माझी मैत्रीण तर पानिपतचीच आहे. ती 'आपण'मध्ये येते की नाही?"

माझा भाऊ हसला. पण उत्तर देणे सोपे नव्हते. मी त्यांना काही माणसांची ओळख करून दिली. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. तो भाऊंशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला, पकडला गेला आणि त्यासाठी मारला गेला. समोरच्या बाजूला अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला होता. त्याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्यासारखे लढवय्ये होते. विश्वासरावांच्या देहावर त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार व्हावेत, म्हणून याच शुजाने रदबदली केली. त्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने ही लढाई स्वतः पाहिली आणि पुढे तिचा वृत्तान्त फारसीत लिहून ठेवला. भरतपूरचा राजा सूरजमल मोहिमेच्या मध्येच मराठ्यांपासून दूर झाला होता. तरीही पराभवानंतर भुकेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसांना त्याने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. पायाला जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या एका भिस्त्याने आपल्या बैलावर घालून सुखरूप नेले. महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले. याच महादजींनी अकरा वर्षांनी, १७७२ च्या जानेवारीत, बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवले.

"आता तूच ठरव," मी भाचीला म्हणाले, "यांतले 'आपण' कोण." तिने लगेच उत्तर दिले नाही. ते बरेच झाले. काही प्रश्नांची उत्तरे घाईने दिली, तर ती उसनी असतात.

उद्यानात पालापाचोळा गोळा करणारे एक वयस्क गृहस्थ आमचे बोलणे लांबून ऐकत होते. भाषा कळत नसली, तरी ती कोणती आहे हे त्यांना बरोबर कळले होते. "महाराष्ट्र से आए हो?" त्यांनी विचारले. दर १४ जानेवारीला येथे पुष्कळ लोक येतात, असे त्यांनी सांगितले. हरयाणातील रोड समाजातील अनेक जण स्वतःला त्या युद्धातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, तेही येतात. वहिनीने डबा उघडला. भाच्याने एक लाडू उचलून त्यांच्या हातावर ठेवला आणि दिल्लीच्या हिंदीत तिळगूळ देण्याची आपली पद्धत समजावून सांगितली. ते हसून म्हणाले, "सकरात तो हमारे यहाँ भी होती है, बेटा." मग त्यांनी अर्धा लाडू स्वतः घेतला आणि अर्धा भाच्याला परत दिला. या वेळी त्याने तो खाल्ला.

पराभवाच्या जागी मुलांना न्यावे का, असे मला कधी कधी विचारतात. विजयाच्या जागी मुले ताठ मानेने उभी राहतात, आणि तेही हवेच. पण पराभवाची जागा त्यांना प्रश्न विचारायला लावते. रसद का तुटली? मित्र का दुरावले? यात्रेकरूंना सैन्याबरोबर का येऊ दिले? शौर्य असूनही माणसे का हरतात? या प्रश्नांत कोणाविषयी द्वेष नसतो. असते ती समजून घेण्याची इच्छा. पराभवाच्या आठवणीला सूडाची धार लावणे सोपे असते. मरणाऱ्याच्या तहानेची आणि पाणी देणाऱ्याच्या हाताची आठवण एकत्र ठेवणे त्याहून अवघड असते. मोठ्यांनी मुलांच्या हाती यांपैकी काय द्यायचे, हे आधी स्वतःशी ठरवायला हवे.

इतिहास पुस्तकातून शिकता येतो आणि शिकावाही. मात्र आपल्या जवळपास अशी एखादी जागा असेल, तर कुटुंबासह तेथे एकदा अवश्य जावे. ती पानिपतच असायला हवी असे नाही. भारतात अशी माती जागोजागी आहे. तेथे गेल्यावर दिशा पाहाव्यात, वाटा शोधाव्यात, आसपासच्या माणसांशी बोलावे आणि मुलांच्या प्रश्नांना मध्येच थांबवू नये. मुकी जमीन मग आपोआप बोलू लागते आणि ती जे सांगते, ते फक्त जिंकलेल्यांचे किंवा हरलेल्यांचे राहत नाही.